न ओरडणाऱ्याचं दुखणं: आजारी बिअर्डेड ड्रॅगनची शुश्रूषा



आजचा विषय आहे आजारी सरड्याची शुश्रूषा. शीर्षकात काही रूपक दडलं असेल असं कोणाला वाटलं असेल, तर आधीच सांगतो, तसं काही नाही. खराखुरा सरडा, खराखुरा आजार आणि खरेखुरे जनावरांचे डॉक्टर यांच्याबद्दलच मी बोलणार आहे.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. ज्ञान कशाला म्हणायचं, ते कुठल्या मार्गांनी मिळतं, दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला कसं कळतं, हे प्रश्न वर्गात फळ्यावर लिहिणं सोपं असतं. पण समोर एखादा मुका प्राणी मलूल होऊन पडलेला असतो, त्याला काय होतंय ते कळत नसतं आणि काहीतरी करणं तर भाग असतं. तेव्हा हेच प्रश्न अंगावर येतात. पुस्तक मिटून ठेवायची सोय तिथे नसते.

हा प्राणी कोण?

बिअर्डेड ड्रॅगन म्हणजे दाढीवाला ड्रॅगन. शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स. 'पोगोन' म्हणजे ग्रीक भाषेत दाढी. याच्या गळ्याखाली काटेरी त्वचेची पिशवी असते. ती तो फुगवतो, चिडला किंवा घाबरला की काळी करतो, म्हणून दाढी. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या, रखरखीत भागातला. शेपटीसकट दीड-दोन फूट लांब. नीट सांभाळला तर दहा-बारा वर्षं जगतो. आपल्या कुंपणावर बसून मान वरखाली करणारा जो सरडा असतो, तो आणि हा एकाच कुळातले. म्हणजे अगदीच परका नाही, लांबचा नातेवाईक म्हणा. दिवसा जागा असतो, स्वभावाने शांत असतो, हातावर निवांत बसतो. त्यामुळे इंग्लंड-अमेरिकेत हा पुष्कळ घरांत पाळला जातो.

माझी मुलगी मँचेस्टरला असते. तिच्याकडे माझ्या नातीने हट्टाने असा एक पाळला आहे. त्याचं नाव दादोबा. दाढीवरून दादोबा. व्याकरणकार दादोबा पांडुरंगांशी त्याचा काही संबंध नाही. गेल्या हिवाळ्यात मी तिकडे होतो, तेव्हा हा दादोबा आजारी पडला. आज मी जी उदाहरणं देणार आहे, ती बरीचशी त्याची आहेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की समजून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपल्या शरीरात एक चूल सतत पेटलेली असते. बाहेर थंडी असो की ऊन, आपलं आतलं तापमान साधारण ३७ अंशांवर राहतं. सरड्याची चूल शरीराच्या बाहेर असते. ऊब हवी असेल तर त्याला उन्हात जावं लागतं, उकडलं की सावलीत यावं लागतं. त्याचं पचन, त्याची रोगाशी लढायची ताकद, इतकंच काय, त्याच्या हाडांची घडण, हे सगळं बाहेरून मिळणाऱ्या ऊन-उजेडावर अवलंबून असतं. तेव्हा काचेच्या पेटीतला सरडा आजारी पडला, तर आजार फक्त सरड्याच्या अंगात शोधून भागत नाही. तो पेटीतही शोधावा लागतो.

प्रत्यक्ष: काय दिसतं?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, अकराव्या अध्यायात, परीक्षेचे चार मार्ग सांगितले आहेत: आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. वैद्याने काय खरं नि काय खोटं हे कसं ठरवायचं, याची ती चौकट आहे. क्रम थोडा बदलून मी तीच वापरतो.

आधी प्रत्यक्ष. कुत्रा आजारी पडला की कण्हतो, कुशीत शिरतो, केविलवाणं बघतो. आपल्याला लगेच कळतं, कारण त्याचं दुःख दाखवणं आपल्यासारखं आहे. सरडा ओरडत नाही. त्याच्या चेहऱ्यावर भाव दिसावेत असे स्नायूच नाहीत. शिवाय उघड्या माळावर जो दुबळा दिसेल तो घारीच्या तोंडी जाईल, त्यामुळे आजार शेवटपर्यंत लपवणं हे त्याच्या जातीच्या अंगवळणी पडलेलं आहे. आपल्याला "काहीतरी बिघडलंय" असं वाटू लागतं, तेव्हा बिघडून पुष्कळ दिवस झालेले असतात.

मग बघायचं काय? डोळे खोल गेलेत का, तर शरीरातलं पाणी कमी झालं असेल. शेपटीचं बुड आणि डोक्यावरचे उंचवटे बसलेत का, तर वजन घटतंय. नाकातोंडाशी चिकट स्राव, श्वास घेताना घरघर, तर छातीचा विकार असू शकतो. शेपटीचं टोक काळं पडून वाळत चाललंय, विष्ठा पातळ आणि फार दुर्गंधी आहे, पोट फुगलंय आणि शी होत नाही, जबडा बोटाने हलकेच दाबला तर रबरासारखा लवतो, पायाची बोटं आपोआप थरथरतात, चालताना पोट जमिनीवरून फरफटतं. या सगळ्या खुणा डोळ्यांना दिसणाऱ्या आहेत. फक्त बघायची सवय हवी.

आणि काही खुणा फसव्या असतात. दिव्याखाली बसून हा तोंड उघडं ठेवतो. नवख्याला वाटतं, श्वास लागलाय. बहुतेक वेळा तो फक्त जास्तीची उष्णता बाहेर टाकत असतो. सकाळी अंग काळपट दिसतं. गडद रंग ऊब लवकर शोषतो, म्हणून तसं. सरड्यासारखे रंग बदलणं हा आपण माणसाला लावलेला दोष आहे. सरड्याचं ते कामाचं साधन आहे.

अनुमान: हेतू पक्का आहे का?

डिसेंबरात दादोबा सुस्त झाला. खाणं कमी झालं, दिवसाचा बराच वेळ कोपऱ्यात डोळे मिटून पडू लागला. घरात दोन मतं पडली. मुलगी म्हणाली, आजारी आहे. जावई म्हणाले, हिवाळा आहे, झोपतोय. दोघांच्याही बाजूने बोलता येत होतं. बिअर्डेड ड्रॅगन थंडीच्या दिवसांत शीतनिद्रेसारख्या स्थितीत जातात, तिला ब्रूमेशन म्हणतात. आठवडेच्या आठवडे खात नाहीत, पडून राहतात, आणि तरी ठणठणीत असतात.

आता न्यायशास्त्राच्या भाषेत बघा. डोंगरावर धूर आहे, म्हणून अग्नी आहे, हे अनुमान चालतं, कारण जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती पक्की आहे. पण "हा खात नाही, म्हणून आजारी आहे" यात हेतू डळमळीत आहे. न खाणं आजारातही असतं आणि निरोगी झोपेतही असतं. अशा हेतूला आपल्याकडे अनैकांतिक म्हणतात. तो दोन्ही घरी जेवतो. हेत्वाभास, म्हणजे हेतूसारखा दिसणारा पण हेतू नसलेला.

मग पक्का हेतू कुठून आणायचा? स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावरून. निरोगी प्राणी अशा झोपेत गेला तर त्याचं वजन फारसं उतरत नाही, आजारी प्राण्याचं भराभर उतरतं. नातीने सुरुवातीपासून दर रविवारी दादोबाचं वजन वहीत लिहून ठेवलं होतं. नोव्हेंबरच्या शेवटी २६२ ग्रॅम. पाच आठवड्यांनी २३८. त्याचं वय जेमतेम वर्षाचं, म्हणजे वाढीचं. वजन नुसतं टिकायला नव्हे, वाढायला हवं होतं. आणि तो गेला होता नऊ टक्क्यांनी खाली. त्यात पायाची बोटं थरथरताना दिसली. शंकेची पाल चुकचुकत होतीच, आता तिला आकडा मिळाला.

इथे थोडं थांबू या. सातव्या शतकाच्या सुमारास धर्मकीर्ती नावाचे बौद्ध तार्किक होऊन गेले. 'संतानांतरसिद्धी' हा त्यांचा छोटा ग्रंथ आज तिबेटी भाषांतरात टिकून आहे. त्याचा विषयच मुळी हा, की आपल्याखेरीज दुसरी मनं आहेत हे आपण कशावरून म्हणतो? मार्ग साधारण असा: माझ्या हालचालींच्या मागे माझी इच्छा असते, हे मला ठाऊक आहे. दुसऱ्याच्या ठिकाणी तशाच हालचाली दिसतात. म्हणून तिथेही मन असणार. पुढे पाश्चात्त्य तत्त्वज्ञांनीही हा मार्ग पुष्कळ चालवला. पण हा सगळा मार्ग साम्यावर उभा आहे. जिथे साम्य कमी, तिथे तो लंगडतो. टॉमस नेगेल यांनी १९७४ साली वटवाघूळ असणं म्हणजे काय असतं, असा प्रश्न विचारणारा निबंध लिहिला, तो याच अडचणीवर बोट ठेवणारा होता.

नातीच्या वहीने काय केलं बघा. तिने दादोबाची तुलना स्वतःशी केली नाही. दादोबाची तुलना कालच्या दादोबाशी केली. तो कसा दिसतो, किती खातो, किती भरतो, हे निरोगी असताना ज्याने टिपून ठेवलंय, त्यालाच आजारपणात फरक कळतो. माझ्यासारखा नसलेल्या जिवाला जाणून घ्यायचा हा रस्ता आहे, आणि त्यासाठी एक वही, एक पेन्सिल आणि रविवारची पाच मिनिटं पुरतात.

युक्ती: एक कारण नव्हे, मेळ

आता चरकाचं मोठं देणं, युक्ती. नैयायिकांच्या प्रमाणांच्या यादीत हिला वेगळी जागा नाही, चरक मात्र तिला स्वतंत्र मानतो. युक्ती म्हणजे अनेक कारणांचा मेळ ओळखणारी बुद्धी. त्याचं उदाहरण शेतीचं आहे. पाणी, नांगरट, बी आणि ऋतू जुळून आले की पीक येतं. एकटं बी म्हणजे पीक नव्हे.

दादोबाच्या आजाराला डॉक्टर मेटाबोलिक बोन डिसीज म्हणतात. आपल्या आजीच्या भाषेत, मुडदूस. हाडांत चुना कमी पडतो, हाडं मऊ होतात, वाकतात, मोडतात. रक्तातलं कॅल्शियम फार उतरलं की स्नायू थरथरतात, झटके येतात. कारण विचाराल तर एक नाही.

पहिली गोष्ट, खाणं. लहान वयात हे प्राणी मुख्यतः किडे खातात, मोठेपणी पाला जास्त. दुकानात मिळणाऱ्या रातकिड्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फार कमी असतं, म्हणून किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरवून द्यावी लागते. पालक आपल्याला पौष्टिक वाटतो, पण त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं.

दुसरी गोष्ट, उजेड. पोटात गेलेलं कॅल्शियम रक्तात जायला ड जीवनसत्त्व लागतं. ते कातडीत तयार होतं, अतिनील किरणांतल्या यूव्हीबी नावाच्या भागामुळे. हा भाग डोळ्यांना दिसत नाही आणि साध्या खिडकीच्या काचेतून जवळजवळ येतच नाही. खिडकीत ठेवलेल्या सरड्याला ऊन दिसतं, मिळत नाही. त्यासाठी यूव्हीबीची खास ट्यूब लागते.

तिसरी गोष्ट, ऊब. दिव्याखालची जागा ४० अंशांच्या आसपास आणि पेटीचं दुसरं टोक २४-२५ अंशांवर हवं, म्हणजे तो स्वतः निवड करू शकतो. ऊब नसेल तर खाल्लेलं पचत नाही. तीनपैकी एक निसटलं की बाकीची दोन वाया.

दादोबाच्या पेटीत पूड होती, ऊब होती, ट्यूबही लखलखीत पेटत होती. पण पेटी सेकंडहँड घेतलेली, ट्यूब तिच्यासोबत आलेली. ती किती जुनी हे कोणाला ठाऊक नव्हतं. या ट्यूबांचा दिसणारा उजेड वर्षानुवर्षं टिकतो, यूव्हीबी मात्र हळूहळू उतरत जातं. म्हणून प्रकाराप्रमाणे सहा महिने ते वर्षभरात त्या बदलायच्या असतात. आपल्या डोळ्यांना पेटी उजळलेली दिसत होती. दादोबा मात्र एका अर्थाने अंधारात बसला होता.

माणसांचा इतिहासही याच उजेडाशी जोडलेला आहे. १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरांनी मुडदूस झालेल्या मुलांवर अतिनील दिव्याचा प्रयोग केला आणि मुलं सुधारली. एका हातावर किरण सोडले तर दुसऱ्या हाताची हाडंही भरू लागली. म्हणजे कातडीत काहीतरी तयार होऊन रक्तातून सगळीकडे जात होतं. पुढे १९६०-७०च्या दशकांत ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई कुटुंबांतल्या मुलांत मुडदूस पुन्हा दिसू लागला. ढगाळ आकाश, सावळी कातडी, घरात जाणारा दिवस, आणि खाण्यातही ड जीवनसत्त्व कमी. आजही तिथली सरकारी आरोग्यसेवा लोकांना थंडीत ड जीवनसत्त्वाची गोळी घ्यायचा विचार करायला सांगते. मुलीच्या घरी ती बाटली जेवणाच्या टेबलावरच असते. त्याच खोलीत दादोबाची पेटी. दोघेही उन्हाच्या मुलखातून आलेले, दोघांनाही बाहेरून ऊन पुरवावं लागतं.

आप्त: डॉक्टरांकडे जाताना

आप्त म्हणजे ज्याला विषयाचं खरं ज्ञान आहे आणि खोटं सांगण्यात ज्याला रस नाही, असा माणूस. सगळेच पशुवैद्य सरपटणारे प्राणी नेहमी बघत नाहीत. फोन करतानाच विचारायचं, "तुमच्याकडे बिअर्डेड ड्रॅगन बघणारं कोणी आहे का?" मांजर-कुत्र्याचा उत्तम डॉक्टर या कामाचा असेलच असं नाही, आणि प्रामाणिक डॉक्टर तसं स्वतःच सांगतो.

सोबत काय न्यायचं? वजनाची वही. पेटीचे फोटो, दिवे किती उंचीवर आहेत ते दिसेल असे. दिव्यांची खोकी किंवा त्यांच्यावरचा मजकूर. दोन्ही टोकांची तापमानं. काय खातो, किती खातो, कुठली पूड, आठवड्यातून कितीदा. ताजी विष्ठा छोट्या डबीत, म्हणजे जंत आणि कॉक्सिडियासारखे परजीवी तपासता येतात. प्राण्याला टॉवेल घातलेल्या बंद खोक्यात ठेवायचं, गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून बाजूला, अंगाला थेट चिकटणार नाही अशी. उचलताना वरून झडप घालायची नाही. याच्या डोक्यावर उजेड-सावली ओळखणारा एक बारीकसा तिसरा डोळा असतो. वरून आलेली सावली म्हणजे त्याच्या लेखी घार. पोटाखालून हात घालून, चारही पायांना आधार देऊन उचलायचं.

डॉक्टरीणबाईंनी पहिली दहा-पंधरा मिनिटं दादोबाला हातच लावला नाही. पेटीबद्दल विचारत राहिल्या. जावई जरा अस्वस्थ झाले. पण तेच तर निदान होतं. मग जबडा, पाय, कणा चाचपला, एक्स-रे काढला, शेपटीतून चिमूटभर रक्त घेतलं. एक्स-रेत हाडं फिकट दिसत होती, जशी जुन्या फोटोत माणसं दिसतात तशी. कण्याला किंचित बाक आला होता.

नातीने विचारलं, "त्याला दुखतंय का?" वर्गात असता तर या प्रश्नावर मी तीन तास घेतले असते. बाईंनी एका मिनिटात उत्तर दिलं. म्हणाल्या, त्याला दुःख वाहून नेणाऱ्या नसा आहेत, अशी हाडं इतर प्राण्यांना दुखतात, त्यामुळे दुखतंय असंच धरून मी औषध देणार. मला हे उत्तर फार आवडलं. खात्री नाही, हे त्यात लपवलेलं नाही. पण खात्री नसताना कुठल्या बाजूला झुकायचं, हे ठरवलेलं आहे. दुखत नसताना वेदनाशामक दिलं, तर नुकसान थोडं. दुखत असताना दिलं नाही, तर एक जीव आमच्या तात्त्विक शंकेची किंमत मोजतो. देकार्तच्या परंपरेने प्राण्यांना यंत्र मानलं, त्याची किंमतही अशीच दुसऱ्यांनी मोजली.

घरी आल्यावर

कॅल्शियमचं द्रव औषध तोंडाने, नवी ट्यूब, वेदनाशामक, काही दिवस पातळ खाणं. पण यात क्रम महत्त्वाचा आहे. आजारी माणसाला आपण आधी विचारतो, "काही खाल्लंस का?" गारठलेल्या सरड्याला खायला घालणं धोक्याचं, ते पोटात तसंच पडून कुजतं. आधी ऊब, मग पाणी, मग अन्न. आपली माया जेवणाच्या ताटापासून सुरू होते. इथे ती थर्मामीटरपासून सुरू करावी लागते.

याचं एक सुंदर प्रमाण आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वानांवर प्रयोग केले. जंतुसंसर्ग झालेले इग्वाना आपण होऊन जास्त गरम जागी जाऊन बसले, म्हणजे त्यांनी स्वतःला ताप आणला. १९७५ साली त्यांनी दाखवलं की ज्यांना अशी जास्त ऊब मिळाली ते जास्त संख्येने जगले, गार ठेवलेले जास्त मेले. आपल्याला ताप येतो. सरड्याला तो चालत जाऊन आणावा लागतो. पेटीत गरम कोपराच नसेल, किंवा पायांत तिथवर जायची ताकदच नसेल, तर त्याचा पहिला उपचारच आपण काढून घेतला.

स्वतःचीही काळजी घ्या. या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला जंतू असू शकतात. हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, त्याची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत. पाच वर्षांखालची मुलं आणि म्हातारी माणसं यांनी जास्त जपायचं. मी दुसऱ्या गटातला, म्हणून माझ्यावर नातीची नजर असायची.

तीन आठवड्यांत बोटांची थरथर थांबली. दोन महिन्यांत वजन मूळपदावर आलं. कण्यातला बाक मात्र राहिला, तो आता कायमचा. या आजारात मऊ झालेलं हाड पुन्हा भरतं, पण वाकलेलं असेल तर तसंच वाकडं भरतं.

किती करायचं?

प्राणी जेवढ्याला घेतला, त्याच्या कितीतरी पट खर्च डॉक्टरांकडे झाला. जावयांचे एक मित्र म्हणाले, "एवढ्यात तीन नवे आले असते." हिशोब बरोबर होता. पण दुकानातली किंमत म्हणजे तो प्राणी दुकानाला कितीला पडतो, याचा आकडा. दादोबाला त्याचं आयुष्य केवढ्याला पडतं, ते त्यात नसतं.

इंग्लंडचा कायदाही मित्राच्या हिशोबाने चालत नाही. २००६ च्या प्राणी कल्याण कायद्याने पाळणाऱ्यावर पाच गरजांची जबाबदारी टाकली आहे: योग्य परिसर, योग्य आहार, स्वाभाविक वागण्याची मुभा, गरजेप्रमाणे सोबत किंवा एकांत, आणि वेदना-रोगापासून संरक्षण. पाठीचा कणा असलेला पाळीव प्राणी म्हटला की त्यात सरडाही आला.

आपल्याकडे म्हण आहे, सरड्याची धाव कुंपणापर्यंत. ती आपण कमी कुवतीच्या माणसाला उद्देशून वापरतो. पण हे कुंपण, ही काच, इथे आपण घातलेली आहे. रानातल्या सरड्याला ऊन कमी पडलं तर तो दुसऱ्या दगडावर जातो. याला दुसरा दगड नाही. त्याची धाव जिथे आपण अडवली, तिथून पुढचं सगळं करणं आपल्याकडे आलं. दया वाटली तर करू, अशी ती गोष्ट उरत नाही.

आता काही प्रश्न घेऊ.

प्रश्न: बरा होणार नसेल तर काय करावं?

उत्तर: डॉक्टरांशी स्पष्ट बोलावं. वेदना आटोक्यात येत नसेल, खाणं-हलणं संपलं असेल, तर डॉक्टरांच्या हातून शांतपणे मरण देणं हाही शुश्रूषेचाच भाग असू शकतो. मात्र सरपटणारा प्राणी फ्रीझरमध्ये ठेवला की झोपेत जातो, असं पूर्वी सांगत. तसं करू नका. हळू जातो म्हणजे सुखाने जातो, असं नाही, आणि आज ही रीत मान्य नाही.

प्रश्न: आपलंच कॅल्शियम-ड जीवनसत्त्वाचं औषध थोडं दिलं तर?

उत्तर: नाही. ड जीवनसत्त्व जास्त झालं तर तेही विषारी ठरतं. अडीचशे ग्रॅमच्या जिवाला "थोडं" म्हणजे किती, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

प्रश्न: आमचा मुलगा सरडा पाळायचा म्हणतोय. पाळावा का?

उत्तर: आपल्याकडची घोरपड किंवा तारा कासव घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे आधी त्याला सांगा. परदेशी प्राण्याचा विचार असेल, तर नियम बघा आणि मग आपल्या गावात तो तपासू शकणारा डॉक्टर शोधा. डॉक्टर आधी, प्राणी नंतर. डॉक्टर सापडला नाही, तर उत्तर तुम्हाला मिळालंच.

प्रश्न: सर, एवढं करून त्या सरड्याला तुमच्या नातीबद्दल काही वाटतं का?

उत्तर: फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली दाखवलं की याच जातीच्या सरड्यांच्या झोपेत, आपल्या झोपेसारखे, मेंदूच्या कामाचे दोन टप्पे आलटून पालटून येतात. इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठातल्या प्रयोगात हे सरडे दुसऱ्याचं बघून जाळीचं दार सरकवायला शिकले. म्हणजे आत काहीच नाही, असं म्हणणं अवघड झालंय. नातीबद्दल काय वाटतं, ते मी सांगू शकत नाही. तिच्या हातावर तो डोळे मिटून बसतो. हात गरम असतो, हेही त्याचं कारण असेल. तिला विचाराल तर ती म्हणते, "चालेल की. गरम हात तर माझाच आहे."